बोटीवर माणसं कमी, वॉच जास्त: वॉच बिल लावताना तास आणि झोपेचा हिशोब कसा घालायचा

नवीन पीओला (पेटी ऑफिसर, सेलरांवरचा सिनियर) पहिल्यांदा वॉच बिल, म्हणजे कोणी कुठल्या वेळी कुठे पाळीची ड्यूटी (वॉच) करायची त्याचा तक्ता, लावायला बसवलं की तो नावांपासून सुरू करतो. हा इकडे, तो तिकडे, हा माझ्या गावचा म्हणून त्याला जरा बरी वॉच, झालं बिल तयार. आणि मग तिसऱ्या दिवशी समुद्रात एक जण ब्रिजवर (जिथून बोट चालवतात तिथे) उभ्याउभ्या पेंगतो, दुसरा इंजिन रूममध्ये चुकीचा व्हॉल्व्ह फिरवतो, आणि ऐकावं काय लागतं, तर "आजकालच्या पोरांत दम नाही". दम असतो हो, तासच पुरत नसतात. मी नेव्हीत सेलर म्हणून लागलो आणि चीफ पेटी ऑफिसर होऊन बाहेर आलो, मधली बरीच वर्षं हे बिल लावायचं काम माझ्याच गळ्यात होतं. आता गुहागरला घरी असतो तर आजूबाजूची पोरं, कोण नेव्हीत, कोण कोस्ट गार्डला प्रधान नाविक झालेला, कोण मर्चंटवर (मालवाहू बोटीवर) सेकंड मेट, म्हणजे डेक ऑफिसर, फोन करून हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. बोटीवरचा थकवा ही आधी आकडेमोड असते आणि तब्येतीचा प्रश्न नंतर येतो. माणसं कमी म्हणून तास जास्त, तास जास्त म्हणून झोप कमी, आणि झोप कमी झाली की चूक होणारच, मग माणूस कितीही चांगला असो. त्यामुळे गोळ्या, चहा, व्यायाम, मोटिव्हेशन हे सगळं पुढे, आधी कागद-पेन घ्या.

आणि हो, हा कागद बोटीवरच ठेवायचा. आपल्या बोटीवर खरी किती माणसं, कुठल्या पोस्टला कोण, कधी निघणार, असलं काही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, गावच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. खाली जे आकडे देतोय ते समजावण्यापुरते बनवलेले आहेत.

१. आधी डोकी मोजा, पण खरी

कागदावर मंजूर माणसं किती, हा आकडा बाजूला ठेवा. समजा डिपार्टमेंट १५ जणांचं आहे. दोघं कोर्सला गेलेत, एक रजेवर, एकाच्या हाताला प्लास्टर म्हणून हलकी ड्यूटी. राहिले ११. त्यातली दोन पोरं आत्ताच आलेली, त्यांना अजून एकट्याने वॉचवर उभं करता येत नाही. राहिले ९. चोवीस तास माणूस लागतो अशा पोस्ट ३. म्हणजे पोस्टमागे तीनच माणसं. वरच्या ऑफिसात बसलेल्याला १५ भागिले ३ असं दिसतं आणि तो म्हणतो पाच-पाच माणसं आहेत की तुमच्याकडे, रडता कशाला!

आता या नऊपैकी एक तापाने पडला की त्याच्या पोस्टला दोघं राहिले, आणि ते दोघं दिवसाला बारा-बारा तास वॉच करणार. सगळं ठीक चाललंय आणि सगळं कोलमडलंय यात फक्त एका माणसाचं अंतर असतं. म्हणून बिलावर तीन आकडे लिहायची सवय लावा: मंजूर किती, बोटीवर हजर किती, आणि वॉचला पास झालेले किती. भांडायचं असेल तर तिसऱ्या आकड्यावर भांडा.

ही गोची आपल्याकडचीच आहे असं समजू नका. अमेरिकेत सरकारी कामाचा हिशोब तपासणारी जीएओ नावाची संस्था आहे, तिने २०२१ च्या अहवालात हेच दाखवलं की त्यांची नेव्ही तुटवडा मोजताना पगाराची तरतूद असलेल्या जागा धरत होती, प्रत्यक्ष कामाच्या अभ्यासातून जितकी माणसं लागतात म्हणून निघाली होती ती धरत नव्हती. साहजिकच तुटवडा कमी दिसायचा.

उसनी माणसं आली तर ती लगेच पूर्ण धरू नका. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ यूएसएस जॉन एस. मॅककेन ही अमेरिकन नेव्हीची डिस्ट्रॉयर (युद्धनौका) अल्निक एमसी नावाच्या टँकरवर आदळली, १० सेलर गेले. ब्रिजवर त्या वेळी अँटिएटम या दुसऱ्या बोटीवरून तात्पुरते आणलेले सेलरही होते, त्यांच्या मूळ बोटीचं स्टिअरिंग वेगळ्या पद्धतीचं आणि या बोटीच्या यंत्रणेचं ट्रेनिंग तोकडं. थकवाही होता, तपासात तोही निघाला. वेळ बघा, पहाटे ५ वाजून २४ मिनिटं. त्याच वर्षी १७ जूनला जपानजवळ त्यांच्याच फिट्झगेराल्ड या डिस्ट्रॉयरची धडक झाली त्यात ७ जण गेले, ती रात्री दीडच्या सुमारास. या वेळांबद्दल पुढे येतोच.

२. आठवड्यात १६८ तास असतात, त्याच्यावर एक मिनिट मिळत नाही

२४ गुणिले ७, १६८. यातून रोज ८ तास झोप काढली तर ५६ गेले. जेवणाचे रोज २, आंघोळ-कपडे-स्वतःची कामं रोज २, म्हणजे अजून २८. राहिले ८४. रविवारी थोडी ढील म्हणून ३-४ तास सोडले तर ८० च्या आसपास उरतात, आणि यातच वॉच, मेंटेनन्स, ड्रिल, ट्रेनिंग, रंगकाम, राशन चढवणं, इन्स्पेक्शनची साफसफाई, सगळं बसवायचंय.

एक चोवीस तासांची पोस्ट म्हणजे आठवड्याला १६८ तास. तीन माणसं असतील तर प्रत्येकाला ५६, चार असतील तर ४२, दोनच असतील तर ८४. म्हणजे दोन माणसांत एकाचा नुसता वॉचमध्येच आठवडा संपला, मेंटेनन्सला एक तास नाही, तरी मेंटेनन्स होतोच, मग तो कुठून होतो? झोपेतून. तीन माणसांतही वॉच सोडून उरतात २४ तास, त्यातून ट्रेनिंग-ड्रिल काढा, मेंटेनन्सला दिवसाला जेमतेम दोन-अडीच तास. कुठल्याही सिनियरला हा हिशोब तोंडी सांगू नका, कागदावर लिहून समोर ठेवा, तोंडी सांगितलं की ती तक्रार वाटते.

अमेरिकन नेव्हीने २०१४ मध्ये आपल्याच सेलरांचे तास मोजले तेव्हा ठरवलेल्या ८० ऐवजी आठवड्याला १०८ तास ड्यूटी निघाली. १६८ मधून १०८ वजा करा, ६० उरतात, म्हणजे दिवसाला साडेआठ तास, आणि त्यात झोप, जेवण, आंघोळ, घरी फोन सगळं आलं.

मोजपट्टी हवी असेल तर मर्चंट बोटींचा आंतरराष्ट्रीय नियम घ्या: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ७ दिवसांत किमान ७७ तास, ही विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक तुकडा कमीत कमी ६ तासांचा, आणि दोन विश्रांतींमध्ये १४ तासांपेक्षा जास्त गॅप नाही. युद्धनौकांना हा नियम लागू नाही आणि लढाईच्या प्रसंगी तो पाळताही येणार नाही हे कबूल, पण नेहमीच्या सेलिंगमध्ये आपण या मोजपट्टीच्या किती खाली आहोत हे माहीत असलंच पाहिजे.

३. एकाच माणसाचं नाव किती ठिकाणी आहे ते बघा

हे बरेच जण करतच नाहीत. वॉच अँड क्वार्टर बिल (वॉच, आग, बोर्डिंग अशा सगळ्या ड्यूट्यांच्या याद्या) घ्या, एक रंगीत पेन घ्या आणि एकेका माणसाचं नाव शोधत जा. कामाचा, चटपटीत माणूस सगळ्यांनाच हवा असतो. तोच वॉचवर, तोच बोर्डिंग पार्टीत (दुसऱ्या बोटीवर चढून तपासणाऱ्या टोळीत), तोच फायर पार्टीत, हेलिकॉप्टर उतरताना तोच डेकवर, बोट धक्क्याला लागताना दोरावरही तोच. प्रत्येक यादी वेगळ्या माणसाने वेगळ्या दिवशी बनवलेली असते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. जो आळशी किंवा ज्याच्यावर कोणाचा भरवसा नाही त्याचं नाव एकाच ठिकाणी, आणि तो मस्त सात तास झोपतो. तीनपेक्षा जास्त ठिकाणी नाव असलं की एक काढा, आणि त्या जागी कमी कामाच्या माणसाला शिकवून बसवा. पहिला महिनाभर त्रास होईल.

४. वॉचची पद्धत निवडणे

आपल्याकडे चालत आलेली पद्धत म्हणजे चार-चार तासांच्या वॉच आणि संध्याकाळी ४ ते ८ च्या जागी दोन-दोन तासांच्या दोन डॉग वॉच, म्हणजे दिवसाच्या एकूण सात वॉच होतात आणि तीन गटांत ते फिरत राहतं. कोणालाच रोज मिडल (रात्री १२ ते ४ ची वॉच) मिळत नाही, म्हणून सगळ्यांना न्याय वाटतो. न्याय आहेच, पण शरीराचं घड्याळ मात्र त्यात खुळं होतं. एका रात्री ८ ते १२, दुसऱ्या रात्री ४ ते ८, तिसऱ्या रात्री १२ ते ४, असं झोपेचं टायमिंग रोज बदलतं आणि आठ-दहा दिवसांनी माणूस बंकवर पडला तरी झोप लागत नाही.

मर्चंटवाले वॉच फिरवत नाहीत. चार तास वॉच, आठ तास सुट्टी, पण वेळ ठरलेली: ८ ते १२ थर्ड मेट, १२ ते ४ सेकंड मेट, ४ ते ८ चीफ मेट, सकाळी तेच आणि रात्री तेच. शरीर चार-पाच दिवसांत बरंचसं जुळवून घेतं. १२ ते ४ वाल्याची झोप मात्र दोन तुकड्यांत होते, त्याला सांभाळावं लागतं, कसं ते पुढे सांगतो.

सहा-सहा तास, दोन गट. छोट्या बोटींवर, टगवर, माणसं कमी पडली की सगळीकडे हेच. सहा तास सुट्टी म्हणजे सहा तास झोप असं मालकाला वाटतं, पण वॉच देऊन, हात-तोंड धुऊन, खाऊन, परत अर्धा तास आधी उठून, हातात पडतात साडेचार. युरोपात प्रोजेक्ट होरायझन नावाचा मोठा प्रयोग झाला, २०१२ मध्ये त्याचे निकाल आले, सिम्युलेटरवर खऱ्या ऑफिसरांना बसवून बघितलं, तर सहा-सहावाले चार-आठवाल्यांपेक्षा जास्त झोपाळलेले निघाले, आणि काही जण वॉचवर चक्क झोपले. सहा-सहा करायचंच असेल तर थोडे दिवस, आणि संपायची तारीख ठरवून करा.

पाच तास वॉच, दहा तास सुट्टी, ही अमेरिकन नेव्हीत खूप चालायची. ऐकायला छान, दहा तास सलग सुट्टी! पण दिवस २४ तासांचा आणि हे चक्र १५ तासांचं, त्यामुळे झोपायची वेळ रोज सरकते आणि एखाद्या दिवशी माणूस वीस-बावीस तास जागा राहतो. तिथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलच्या प्रोफेसर निता शॅटक यांनी बोटींवर जाऊन सेलरांची झोप मोजली, त्यांच्या टीमचा कल ठरलेल्या वेळेच्या वॉचकडे आहे, खासकरून तीन तास वॉच आणि नऊ तास सुट्टीकडे. म्हणजे रात्री १२ ते ३ आणि दुपारी १२ ते ३, रोज तेच. वॉच तीनच तासांची म्हणून लक्ष टिकतं. पण याला पोस्टमागे चार माणसं लागतात, आणि तिथेच गाडी परत पहिल्या पायरीवर येते.

माझा सल्ला असा: चार माणसं असतील तर तीन-नऊ. तीन असतील तर चार-आठ, वेळा ठरलेल्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी किंवा बंदराला लागल्यावर गट बदला म्हणजे न्यायही झाला. दोनच असतील तर बिल लावत बसू नका, दहावी पायरी वाचा.

५. झोप चोरणाऱ्या गोष्टी शोधा

खरी मजा इथे आहे, कारण यात नवीन माणूस लागत नाही आणि कोणाची परवानगीही फारशी लागत नाही. १२ ते ४ वाल्याचा दिवस मांडून बघू. पहाटे ४ ला वॉच दिली, चार्ज (ड्यूटीचा ताबा) देऊन, खाली येऊन, काहीतरी तोंडात टाकून बंकवर पडेपर्यंत ४:४५. ६ ला सकाळचा पाईप (सगळ्यांना उठवायची घोषणा), स्पीकर डोक्यावरच. मग नाष्टा, मस्टर (हजेरी), क्लीन शिप, थोडा मेंटेनन्स, ११ ला जेवण, १२ ते ४ वॉच. ४ नंतर राहिलेलं काम, नाहीतर एखादं ड्रिल. ७ ला जेवण. मेसमध्ये टीव्ही चालू, पोरांची दंगल, साडेआठला कशीबशी झोप लागते, साडेअकराला कोणीतरी उठवायला येतो. बेरीज करा: सकाळी सव्वा तास, रात्री तीन तास. सव्वाचार तास, तेही दोन तुकड्यांत. आणि हा माणूस तीन वॉचमधला आहे, म्हणजे कागदावर सगळं आलबेल.

आता फक्त एक बदल करा. मिडलवाल्यांना सकाळी साडेनऊपर्यंत झोपू द्या, मस्टर माफ. ४:४५ ते ९:३० म्हणजे पावणेपाच तास, अधिक रात्रीचे तीन, झाले पावणेआठ. एका मस्टरच्या बदल्यात साडेतीन तास झोप! पण त्यासाठी साडेनऊपर्यंत त्या मेसमध्ये साफसफाई नको, स्पीकर तिथला बारीक किंवा बंद, फक्त इमर्जन्सीचं ऐकू यावं. वॉचप्रमाणे बंक लावता आले तर फारच उत्तम, म्हणजे एका कप्प्यात सगळे मिडलवाले, त्यांना कोणी डिस्टर्ब करत नाही आणि तेही कोणाला करत नाहीत. बंकला जाड पडदा. दिवसा झोपणाऱ्याला अंधार आणि गारवा दोन्ही लागतं.

ट्रेनिंगचं लेक्चर दुपारी दोनला ठेवणारे महाभाग असतात. जेवण झालेलं, निम्मे वॉचवर, उरलेले पेंगतात, शिकत कोणीच नाही. सकाळी १० ते ११ ठेवा, तेव्हा मिडलवालेही उठलेले असतात. ड्रिल, इंधन भरणं, मोठा मेंटेनन्स हे सगळं एकाच दिवशी आलं तर त्या दिवशीचं रात्रीचं काहीतरी कापा. आणि ज्याला झोपेतून उठवायचं त्याला अर्धा तास आधी उठवा. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही, डोकं चालत नाही, डोळे उघडे असतात तरी. अशा माणसाच्या हातात थेट वॉच देऊ नका, त्याला पाणी पिऊ दे, अंधाराची सवय होऊ दे, मग चार्ज.

पहाटे ३ ते ६ हा शरीराचा सगळ्यात खालचा काळ, कितीही झोपलेला असला तरी. या वेळात लुकआउट (टेहळणीवाला) आणि हेल्म (सुकाणूवाला) तासाभराने बदला, दोघांनी बोलत राहायचं, ऑर्डर मोठ्याने परत म्हणायची. किचकट काम, म्हणजे स्टिअरिंगचा कंट्रोल इकडून तिकडे देणं किंवा मशीन बदलणं, शक्य असेल तर या वेळात नकोच.

६. हार्बर म्हणजे आराम नाही

घरच्यांना वाटतं बोट मुंबईला लागली म्हणजे पोरगा मोकळा. खरं तर धक्क्याला लागल्यावर राशन, इंधन, वर्कशॉपची माणसं, इन्स्पेक्शन, सुरक्षेचा पहारा, आणि वर लिबर्टीला (किनाऱ्यावर फिरायच्या सुट्टीला) जायची घाई. निघताना सगळे दमलेलेच असतात. ३ एप्रिल २०१० ला शेन नेंग १ नावाची कोळसावाहू मर्चंट बोट ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर चढली. चीफ मेट बंदरात लोडिंगवर उभा होता, आधीच्या साडेअडतीस तासांत तो जेमतेम अडीच तास झोपलेला, आणि कोर्स बदलायची जागा त्याच्या हातून निघून गेली. म्हणून सेलिंगच्या आदल्या रात्री पहिल्या वॉचचे लोक कुठल्याही पहाऱ्यावर लावायचे नाहीत. हा एक नियम पाळला तरी खूप.

७. पावसाळ्यातला समुद्र

जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात बोट हलते तेव्हा काहीच न करताही माणूस दमतो, कारण नुसतं उभं राहायला अंग सतत काम करत असतं आणि झोपेतही शरीर धरून ठेवावं लागतं. या दिवसांत प्रत्येक कामाला दीडपट वेळ धरा, मेंटेनन्सची यादी अर्धी करा. आणि उलटीच्या गोळ्या! ॲव्होमिन, स्टुजेरॉन सगळे खिशात ठेवतात, पण या दोन्हींनी झोप येते, ॲव्होमिनने तर चांगलीच. वॉचच्या आधी कोणी काय घेतलंय हे वॉचच्या मुख्याला माहीत पाहिजे, आणि गोळी मेडिकलवाल्याला विचारूनच.

८. चहा, डुलकी आणि ओळखायच्या खुणा

चहा-कॉफी वॉचच्या सुरुवातीला, शेवटी नाही. झोपायच्या आधी पाच-सहा तास बंद, कारण त्याचा निम्मा अंमल पाच तासांनीही शिल्लक असतो. डुलकी वीस मिनिटांची, नाहीतर पूर्ण दीड तासाची, मधल्या वेळची घेतली तर उठल्यावर जास्त भणभणतं.

सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं काम करतो, हे १९९७ पासून प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे दारू पिऊन ज्याला तुम्ही स्कूटरची चावी देणार नाही, त्याच्यापेक्षा वाईट अवस्थेत असलेल्याला आपण हेल्मवर उभं करतो.

खुणा: ऑर्डर दोनदा विचारणं, उगाच चिडणं, उत्तर द्यायला उशीर. पण सगळ्यात खात्रीची खूण लॉगमध्ये सापडते. इंजिन रूमचा रीडिंगचा कागद उघडा. तेलाचं प्रेशर, पाण्याचं तापमान, दर तासाला थोडं इकडेतिकडे होतंच. चार तास सगळे आकडे हुबेहूब तेच आणि अक्षर खाली उतरत गेलेलं दिसलं, तर समजा शेवटचे तीन तास कोणी गेजकडे बघितलेलंच नाही, वरचं खाली उतरवलंय. लगेच चार्जशीट करू नका, आधी त्या पोराचे मागच्या तीन दिवसांचे झोपेचे तास काढा.

९. गणपतीची रजा

कोकणातला माणूस बोटीवर कितीही शिस्तीचा असला तरी गणपतीला त्याचा जीव घरी असतो, आणि शिमग्यालाही. चार मालवणी-रत्नागिरीकर एकाच पोस्टला असले तर गणपतीत ती पोस्ट रिकामी. यावर उपाय जानेवारीतच करायचा. वर्षाचं कॅलेंडर काढा, कोणाला गणपती, कोणाला छठ, कोणाला ख्रिसमस, सगळ्यांकडून लिहून घ्या. ओणम आणि गणपती बऱ्याचदा आगेमागेच येतात, त्यामुळे केरळवाल्यांशी अदलाबदल जमेल असं गृहीत धरू नका, बिहार-पंजाबवाल्यांशी जमवा. एका पोस्टची दोन पास झालेली माणसं एकाच पंधरवड्यात सोडायची नाहीत, आणि तिसरा माणूस मे महिन्यातच शिकवून पास करून घ्यायचा.

रजा संपवून येणाऱ्याचं पण बघा. चिपळूण-खेडहून रात्रभर एसटीत नाहीतर कोकण रेल्वेच्या जनरलमध्ये उभा राहून आलेला पोरगा सकाळी सातला रिपोर्ट करतो आणि त्याच रात्री त्याला मिडल, कारण "ताजातवाना आलाय घरून". पहिली रात्र त्याला पूर्ण झोप द्या.

१०. वर कसं सांगायचं

"सर, पोरं फार दमलीत" असं म्हटलं की "आमच्या वेळी" सुरू होतं. त्याऐवजी कागद न्या. त्यावर चारच ओळी: पोस्ट कुठली, पास माणसं किती, मागच्या ७२ तासांत कोणाला सलग ५ तास झोप मिळाली नाही, आणि दोन पर्याय. पर्याय तुम्हीच द्यायचे, साहेबाला शोधायला लावायचे नाहीत. उदाहरणार्थ दोन पोस्ट तात्पुरत्या एकत्र करणं, अमुक मेंटेनन्स बंदर येईपर्यंत ढकलणं, स्टोअर्स-रायटर (कारकून)-कुक यांना शिकवून दिवसाच्या लुकआउटवर घेणं, एखादं इन्स्पेक्शन रद्द करणं. ऑफिसरांनाही हे कळतं, कारण त्यांची अवस्था वेगळी नसते. त्या जीएओच्या अहवालात अमेरिकन नेव्हीच्या ऑफिसरांपैकी फक्त १४ टक्क्यांना सात किंवा जास्त तास झोप मिळत होती. दुसऱ्यांदाही नाही ऐकलं तर तिसऱ्यांदा तोच कागद नवी तारीख घालून द्या, कॉपी ठेवा.

नवीन बोटी ऑटोमेशनवाल्या आहेत, माणसं कमी लागतात, असंही ऐकवतील. अमेरिकेने लिटोरल कॉम्बॅट शिप ही किनाऱ्याजवळ लढायची युद्धनौका ४० च्या कोअर क्रूवर चालवायचं ठरवलं होतं, दमछाक दिसल्यावर आकडा वाढवावा लागला. सेन्सर गेज वाचतो, मान्य, पण गंज काढायला, राशन चढवायला आणि आग विझवायला माणूसच लागतो.

११. मच्छीमार बोटीवाल्यांसाठी

मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगडकडच्या तांडेलांनी (मच्छीमार बोटीच्या म्होरक्यांनी) वरचं सगळं वाचून "हे सरकारी बोटींचं" म्हणून सोडू नये. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठली की सगळ्यांची धाव सुरू, जाळी ओढायची रात्री, मासळी निवडून बर्फात भरायची पहाटे, आणि परत येताना सुकाणूवर कोण, तर सगळ्यात जास्त जागलेला तांडेल. बाहेरून कंटेनर बोटी जातात त्यांना तुमची लाकडी नाहीतर फायबरची बोट लाटांत दिसेलच असं नाही.

निदान इतकं करा. सुकाणू धरता येईल असा दुसरा माणूस तयार ठेवा, नेपाळी खलाशी असला तरी चालेल, शिकवलं की शिकतात, दिशा आणि दिवे ओळखता आले पाहिजेत आणि "शंका आली की मला उठव" एवढं त्याच्या भाषेत पक्कं सांगितलेलं पाहिजे. जाळं शेवटचं ओढून झालं की निवडायचं काम खलाशांनी करायचं आणि तांडेलाने दोन तास आडवं व्हायचं, मगच बोट बंदराकडे वळवायची. मोठ्या बोटींच्या ब्रिजवर एक अलार्म असतो, ३ ते १२ मिनिटांत कोणी बटण दाबलं नाही तर तो वाजतो. तुमच्याकडे तो नसेल तर मोबाईलवर दर दहा मिनिटांचा टायमर लावा आणि फोन हाताशी नाही, उठून जावं लागेल अशा ठिकाणी ठेवा. मालक म्हणेल एक माणूस वाढवला की वाटा कमी होतो. त्याला एका सीझनचा त्या माणसाचा वाटा आणि इंजिनसकट नवीन बोटीची किंमत शेजारी-शेजारी लिहून दाखवा, आणि हे जुलैमध्येच दाखवा, ऑगस्ट लागला की कोणी ऐकायच्या मूडमध्ये नसतो.